‘मालकांना पाठवून द्या’

(२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. त्या निमित्तानं कराडला बचत गटांतल्या महिलांचा मेळावा भरला होता. तिथं घरगुती शिवणकाम करणाऱ्या एका मैत्रिणीनं केलेलं हे भाषण. बोलण्याची भाषा होती तशीच ठेवली आहे.)

मला भाषण करायची सवय नाही. मशीनवर बसले की चार तास तोंड उघडत नाही, आणि इथं माईक हातात दिलाय. आयोजक ताईंनी विषय दिला, ‘ग्राहक म्हणून स्त्री’. विषय ऐकून मी घाबरलेच. म्हटलं, मोठं काही मला सांगता यायचं नाही. मी एका चार्जरची गोष्ट सांगते. साडेसहाशे रुपयांचा चार्जर. त्यातून मला जे कळलं ते तुमच्यासमोर मांडते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी हे सांगते की फोन ही माझ्यासाठी चैनीची वस्तू नाही. कात्री, टेप आणि मशीन यांच्यासारखंच ते माझं हत्यार आहे. गिऱ्हाईक ब्लाऊजचा गळा कसा हवा त्याचा फोटो फोनवर पाठवतं. मापं मी फोनमध्ये लिहून ठेवते. शिलाईचे पैसे फोनवर येतात. गौरी-गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे माझी सुगी, आणि त्या पंधरा दिवसांत फोन बंद म्हणजे माझं दुकान बंद. तुमच्यातल्या डबे करणाऱ्या, पापड-लोणची विकणाऱ्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या सगळ्याजणींचं हेच आहे. अंगणवाडीताईंना तर वेगळं सांगायला नको. २०२१ साली आपल्या राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले निकृष्ट फोन परत करायचं आंदोलन केलं होतं, ते तुमच्या लक्षात असेल. हातातलं हत्यार चांगलं हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आणि हा फोन आपल्या हातात यायलाही वेळ लागलाय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? शंभरातल्या ५४ जणींनी ‘हो’ म्हटलं. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे अजून स्वतःचा असा फोन नव्हता. ज्यांच्याकडे आहे त्यांतल्याही कितीतरी जणींचा फोन घरातल्या कुणीतरी वापरून टाकलेला असतो. माझा पहिला फोन मुलाचा जुना होता. हा दुसरा मात्र मी माझ्या शिलाईच्या पैशातून घेतला.

तर श्रावण चालू होता आणि चार्जर बंद पडला. मी बाजारपेठेतल्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण हे एका दुकानाचं गाऱ्हाणं नाही. मोठं काउंटर, मागं भिंतभर कव्हरं टांगलेली. तीन पोरं आणि एक मुलगी कामाला. मी उभी राहिले. माझ्यानंतर एक गृहस्थ आले, ‘काय पायजे साहेब?’ त्यांचं झालं. मग कॉलेजची दोन पोरं आली, त्यांचंही झालं. मी ‘भाऊ, चार्जर’ असं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा एकानं मान वर केली आणि विचारलं, ‘कुठल्या फोनचा? तुम्हाला म्हाईत हाय का?’

मी फोन दाखवला. त्यानं एक चार्जर पुढं ठेवला. ‘ओरिजिनलच समजा ताई.’ समजा! आपण बायका किती गोष्टी समजून घेतो, त्यात ही एक. मी म्हटलं, खोक्यावर किंमत दिसत नाही. तो म्हणाला, साडेसहाशे, तुमच्यासाठी सहाशे पन्नास. यातला विनोद मला घरी गेल्यावर कळला. मी बिल मागितलं. ‘बिल केलं तर जीएसटी पडंल, उगं शंभर-सव्वाशे जास्त जातील.’ मला वाटलं, आपलाच फायदा आहे. मी गप्प बसले.

फोनचं जुनं कव्हर फाटलं होतं, तेही घेतलं. पडद्यावरची काच, जिला ‘टफन’ म्हणतात, तीही बसवून द्या म्हटलं. सगळे मिळून नऊशे झाले. आता पुढचं नीट ऐका. काच बसवायला त्यानं फोन हातात घेतला आणि म्हणाला, ‘पॅटर्न सांगा.’ मी सांगितला. इतक्या सहज विचारलं की नाही म्हणायचं सुचलंच नाही. काच बसवून झाल्यावर ‘टच चेक करतो’ म्हणत त्यानं फोटो उघडले आणि बोटानं सरकवत राहिला. त्या फोटोंत काय होतं? माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो. फिटिंग बघायला मी पाठीचा गळा, बाही, असे फोटो काढते. त्या बायकांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते काढू दिलेले असतात. तो दोन-चार फोटोंवर थांबला आणि शेजारच्या पोराकडे बघून हसला. मी फोन ओढून घेतला. पण तोंडातून शब्द फुटला नाही. पैसे स्कॅन करून दिले आणि बाहेर पडले.

घरी येऊन मी हे कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर ते भांडायला गेले असते, किंवा म्हणाले असते, असले फोटो ठेवतेसच कशाला? दोन्ही मला नको होतं.

चौथ्या दिवशी रात्री चार्जर तापला. हात लावून बघितला तर चटका बसला, आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास खोलीभर. शेजारी शिवायला आलेल्या साड्यांचा ढीग. बटण बंद केलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी चार्जर घेऊन दुकानात गेले.

यावेळी गल्ल्यावर स्वतः दुकानदार होते. मी सांगितलं, हा तापतोय, वास येतोय, बदलून द्या. त्यांनी चार्जर हातातसुद्धा घेतला नाही. ‘पिन वाकडी करून लावली असंल.’ मी नाही म्हटलं. ‘पोरं खेळली असतील.’ माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. ‘घरातल्या लाइटचा प्रॉब्लेम असंल.’ त्याच बोर्डावर माझं मशीन चालतं. मग म्हणाले, ‘बिल हाय का?’ बिल तुम्हीच दिलं नाही. तेव्हा त्यांनी शेवटचं वाक्य काढलं, ‘ताई, तुम्हाला यातलं कळायचं नाही. मालकांना पाठवून द्या.’

आपल्याकडे नवऱ्याला ‘मालक’ म्हणायची रीत आहे. माझी आई म्हणायची, सासूबाई म्हणायच्या. मीही कधी कधी म्हणते, त्यात कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी त्या काउंटरपाशी तो शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. पैसे माझे, फोन माझा, चटका मला बसला आणि बोलायला मालक हवा. चार माणसं ऐकत होती. एक जण हसलाही. मी चार्जर पिशवीत टाकला आणि निघाले.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवरा माझा माणूस चांगला आहे, एस.टी.त नोकरीला आहे. ते ड्यूटीवरून आले, चहा घेतला आणि चार्जर घेऊन गेले. अर्ध्या तासात परत. नवा चार्जर आणला होता आणि बरोबर पक्कं बिलही, त्यांच्या नावाचं. मी विचारलं, काय म्हणाले? ‘काही नाही, बस म्हणाले, बदलून दिला. चहा मागवत होते, मीच नको म्हटलं.’

मैत्रिणींनो, मला आनंद व्हायला हवा होता ना? काम झालं होतं. पण खरं सांगते, दुकानदारानं ‘नाही’ म्हटलं तेव्हा जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. चार्जर तोच, दुकान तेच, शब्दसुद्धा तेच. मी बोलले तेव्हा ते खोटं होतं. ह्यांनी बोलल्यावर ते खरं झालं. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, ‘झालं ना काम? मग आता काय?’ त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांना ते दिसतच नाही. दुकानात त्यांना आयुष्यात कधी कुणी म्हटलेलं नाही की घरातल्या बाईला पाठवून द्या.

आपल्या घराघरांत हेच चालतं. गॅसचा रेग्युलेटर, मिक्सरची दुरुस्ती, बँकेतली चूक, काहीही असलं तरी आपण दोन फेऱ्या घालतो आणि मग माणसाला पाठवतो. काम होतं म्हणून आपणही तेच करत राहतो. आणि प्रत्येक वेळी दुकानदाराचा समज पक्का होतो की बाईला नाही म्हटलं तरी चालतं. माणूस पाठवून आपण त्या वेळेपुरती सुटका करून घेतो आणि आपल्या मागून येणाऱ्या बाईची वाट अडवतो.

पुढं काय झालं ते सांगते. हा दुसरा चार्जरही बरोबर अठरा दिवसांनी मेला. गौरी आवाहनाच्या आदल्या दिवशी. ह्यांनी चप्पल पायात घातली. मी म्हटलं, थांबा, यावेळी मी जाणार. ते म्हणाले, ‘कशाला डोक्याला ताप करून घेतेस?’ मी म्हटलं, ताप चार्जरलाच झालाय. सण होऊ दे, मग बघते.

सण झाल्यावर आमच्या गटाच्या बैठकीत मी विषय काढला. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. त्यांनी ग्राहक कायद्याचं पुस्तक आणलं. आम्ही चार-पाच जणींनी दोन संध्याकाळी बसून ते वाचलं. वाचताना मला कित्येकदा वाटलं, हे माझ्यासाठीच लिहिलंय.

आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालचा. २४ डिसेंबरला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, म्हणून आजचा दिवस. आता २०१९ चा नवा कायदा आहे, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं हे दिलंय. माल विकून बिल न देणं ही अनुचित प्रथा. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, हीही अनुचित प्रथा. म्हणजे भिंतीवरची ती पाटी, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ती सदोष मालाला लागू होत नाही. नुसता रंग आवडला नाही म्हणून कव्हर परत न्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण वस्तूच खराब निघाली तर पाटीकडे बोट दाखवून चालत नाही.

मग मी विचारलं, बिल तर ह्यांच्या नावावर आहे. बाईंनी पान काढून दाखवलं. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो ती वस्तू वापरतो तोही ग्राहकच. मग दुसरी शंका. मी फोन धंद्यासाठी वापरते, धंद्याच्या मालाला हा कायदा नसतो म्हणतात. त्याचंही उत्तर होतं. स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. म्हणजे शिवणकाम करणारी, डबे करणारी, भाजी विकणारी बाई ग्राहक आहे. आणि ज्या माहितीनं मला बळ आलं ती अशी की तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. वकील लागतोच असं नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा.

आम्ही आधी दुकानदारालाच अर्ज लिहिला. काय घेतलं, कधी घेतलं, किती पैसे दिले, काय झालं, काय हवं. साडेसहाशे रुपये परत मिळावेत, सात दिवसांत. खाली माझी सही, माझं नाव. पहिल्या खरेदीचं बिल नव्हतं, पण पैसे मी फोनवरून दिले होते, त्याची नोंद होती. त्या नोंदीवर तारीख, वेळ, दुकानाचं नाव सगळं होतं. तिची प्रत जोडली. बिल नाही म्हणून गप्प बसलेल्या बायांनी हे लक्षात ठेवा.

अर्ज घेऊन आम्ही तिघी गेलो. दुकानदार बघून म्हणाले, ‘बिल मालकांच्या नावावर हाय, त्यांना पाठवा.’ बाईंनी शांतपणे कायद्यातलं वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी अर्ज घेतला, पण पोच द्यायला नकार दिला. आम्ही तसाच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवला आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. या नंबरला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि क्रमांक दिला. एक समजून घ्या, हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे. ती समोरच्याला कळवते, मिटवायचा प्रयत्न करते. नाही मिटलं तर आयोगाकडे जायची वाट असतेच.

नवव्या दिवशी दुकानातून फोन आला, पैसे घेऊन जा. मी एकटी गेले. साडेसहाशे रुपये मोजून घेतले आणि पैसे मिळाल्याचं माझ्या नावानं लिहून दिलं. दुकानदार म्हणाले, ‘ताई, एवढ्याशा गोष्टीला कागदं कशाला केली? आधी बोलायचं की.’ मी म्हटलं, दोनदा बोलले होते. ते काही बोलले नाहीत. माफी वगैरे मागितली नाही. बदलले असतील असंही मला वाटत नाही. पण आता मी बाजारातून जाते तेव्हा ते ‘काय पायजे ताई?’ असं आधी विचारतात. एवढंच झालं. मी ते मोठं करून सांगत नाही.

या गोष्टीत दोन गोष्टी राहून गेल्या, त्याही सांगायला हव्यात.

पहिली, त्या फोटोंची. अर्ज लिहिताना मी ते लिहिलं नाही. लाज वाटली. नंतर गटात सांगितलं, तेव्हा आणखी तिघींनी तोंड उघडलं. एकीला रिचार्ज केल्याच्या रात्रीपासून ‘हाय’ असे मेसेज येत होते. एकीच्या मुलीचा नंबर बिल करताना मोठ्यानं विचारला होता आणि मागं उभ्या असलेल्या पोरानं तो टिपून घेतला होता. हे फक्त आपल्या गावात होतं असं नाही. उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात होते, आणि मुलगी दिसायला कशी त्यावर दर ठरायचा, अशा बातम्या २०१७ साली वर्तमानपत्रांत आल्या होत्या. नव्या कायद्यात ग्राहकानं विश्वासानं दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणं हीसुद्धा अनुचित प्रथा धरली आहे. आणि बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ साली दुकानदारांना कळवलं आहे. तेव्हा ‘नंबर देणार नाही, बिल द्या’ असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. काच बसवायला पॅटर्न लागत नाही. फोन बंद करून हातात द्यायचा आणि डोळ्यांसमोर काम करून घ्यायचं. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर माझ्या गिऱ्हाइकांची अब्रू मी सांभाळू शकले असते. ते न लिहिल्याची खंत मला आजही आहे.

दुसरी, त्या काउंटरवरच्या मुलीची. आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा तीच आधी पुढं आली. मालकांनी बाजूला हो म्हटल्यावर ती हळूच मला म्हणाली, ‘ताई, माझं नाव नका घालू.’ मी म्हटलं, तुझा काय संबंध? नंतर कळलं, दुकानात काही परत आलं तर नुकसान कधी कधी पोरांच्या पगारातून कापतात. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत ती उभी असते. काउंटरमागं स्टूल नाही. आपण दुकानात जाऊन जोरात बोलतो, ते बहुतेक वेळा अशा मुलीवर निघतं. बिल देऊ नको हे तिला सांगितलेलं असतं, माल कुठला हे तिला माहीत नसतं. केरळात कोळिकोडच्या बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. विजी पालितोडी यांनी त्यांना संघटित केलं. अखेर २०१८ साली केरळ सरकारला कायदा बदलून दुकानात बसायची सोय बंधनकारक करावी लागली. २०२१ मध्ये तमिळनाडूनं तसाच कायदा केला. तेव्हा आपली तक्रार मालकाच्या नावानं करायची, लेखी करायची, आणि त्या मुलीशी माणसासारखं बोलायचं. ती आपल्या विरुद्ध बाजूची नाही.

आता खरेदीबद्दल थोडं. चार्जर, पॉवर बँक या वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर त्यांची खूण असते आणि खाली इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढं नोंदणीचा नंबर. ब्यूरोचं ‘बीआयएस केअर’ नावाचं अ‍ॅप आहे, त्यात तो नंबर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. माझ्या दोन्ही चार्जरवर तो नव्हताच. पाकिटावर सगळ्या करांसह कमाल किंमत, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर छापलेला असायला हवा. कमाल किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे ‘बिल केलं तर जास्त पडंल’ म्हणत छापील किमतीच्या वर मागता येत नाही. आणि जिथं किंमतच छापलेली नाही, तिथं आपण वस्तू खाली ठेवायची. स्वस्तातला माल घ्यावा लागतो, मला माहीत आहे. पण साडीच्या ढिगाशेजारी जळणारा चार्जर स्वस्त नसतो.

कुणी म्हणेल, या लहान गोष्टींना बायकांची चळवळ म्हणायचं का? मी म्हणते, आपली चळवळ अशाच गोष्टींतून उभी राहिली. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. तेल, साखर, रॉकेल यांसाठी हजारो गृहिणी लाटणी हातात घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या काही पंडिता नव्हत्या. घर चालवता चालवता त्यांना बाजार कळला होता. पुढं १९८६ चा कायदा आला तेव्हा जिल्हा मंचाच्या तीन जणांत एक स्त्री असलीच पाहिजे, असं त्यात घातलं गेलं. बाईला यातलं कळत नाही असं तो कायदा लिहिणाऱ्यांना वाटलं नव्हतं. काउंटरवरच्या माणसाला अजून वाटतं.

शेवटी एक कबुली देते आणि थांबते.

या सगळ्यानंतर दिवाळीच्या आधी माझ्याकडे एक बाई आल्या. धुण्याभांड्याची कामं करतात. हातात भारी सिल्कची साडी, आदल्या आठवड्यात मी शिवलेला तिचा ब्लाऊज. म्हणाल्या, बाहीत घट्ट होतोय. मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, ‘तुमच्या मॅडमना पाठवून द्या, मापं घेऊन बघते.’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ताई, साडी माझीच हाय. लेकीच्या लग्नात मिळालेली. मापं बी माझीच घेतली व्हती तुम्ही.’

मला त्या क्षणी जमिनीत शिरावंसं वाटलं. दुकानदाराचं वाक्य माझ्या तोंडातून आलं होतं, फक्त मालकांच्या जागी मॅडम होत्या. मी उठले, त्यांना बसायला दिलं, माप परत घेतलं. बाही मीच अर्धा इंच कमी धरली होती. उसवून, मोकळी करून, पैसे न घेता दिली. आणि त्या दिवसापासून मी शिलाईची पावती द्यायला लागले. तोवर मी कुणालाच देत नव्हते. साधं पावती पुस्तक आहे. वर तारीख, काम, पैसे, आणि पहिल्या ओळीत मी प्रत्येकीला विचारते, ‘नाव काय घालू?’ बऱ्याचजणी सवयीनं नवऱ्याचं नाव सांगतात. मी म्हणते, ब्लाऊज तुमचा आहे, तुमचं नाव सांगा. काहीजणी हसतात. काहीजणी जरा थांबून, मग सांगतात.

तेव्हा आज घरी जाताना बाजारातून काही घेणार असाल, तर बिल मागा. ते आपल्या नावाचं करून मागा. आणि कुणी म्हणालं, मालकांना पाठवून द्या, तर सांगा, मालक आलेली आहे, बोला.